फुरसत, घर आणि उघडे दार

मुंबईवर मराठीत अमाप लिहिले गेले आहे. गिरणीचा भोंगा, लोकलची गर्दी, संप, मोर्चे, दंगे, नाक्यावरची भांडणे यांनी कथा-कादंबऱ्यांची पाने भरली आहेत. पण कामावरून परतलेला माणूस आपल्या खोलीत सुखाने बसला आहे, हाताला काम नाही, बाहेर जाण्याची ओढ नाही आणि त्याचे त्याला काही वाटतही नाही, असे चित्र या साहित्यात शोधू लागलो तर हाती फार थोडे लागते. मुसलमान माणसाचे असे चित्र शोधू लागलो तर जवळजवळ काहीच लागत नाही. मोठमोठ्या प्रश्नांच्या गर्दीत हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. घरातली फुरसत हा काय साहित्याचा विषय झाला, असेही कोणी म्हणेल. परंतु एखाद्या समाजाला साहित्यात काम करताना, मरताना, मारताना दाखवले जाते आणि विसाव्याला बसलेले दाखवले जात नाही, तेव्हा त्याच्या माणूसपणाचा एक मोठा भाग लिहायचा राहून जातो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांवरच्या काही साहित्यकृतींच्या आधारे या राहून गेलेल्या भागाचा विचार येथे करायचा आहे.

आपल्याकडे 'कनाअत' हा शब्द घरोघर माहीत आहे. अल्लाहने जे दिले त्यात दिल राजी ठेवणे, हा त्याचा सरळ अर्थ. वाजमध्ये तो वारंवार येतो, बुजुर्गांच्या तोंडी तर असतोच. पण कनाअत आणि मजबुरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही त्याच्या गप्प बसण्याला कनाअत म्हणणे ही त्याची थट्टा होईल. घरात रमणारा माणूस आणि घरात अडकलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक दाखवणे हे लेखकाचे काम आहे, आणि तो फरक त्याला साधला की नाही हे पाहणे समीक्षकाचे.

फुरसत कोठून आली?

मुंबईच्या कामगाराला आठवड्याची सुटी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. सत्यशोधक परंपरेतल्या या माणसाने कामगारासाठी जे मिळवले, त्यात घरी बसण्याचा एक अख्खा दिवस होता. पुढे १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून राबणाऱ्यांत हेच लोखंडे होते. त्यांच्या चरित्रातल्या या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. सुटीचा दिवस मिळाला आणि गल्लीत सुरे निघाले, तर त्या सुटीचे करायचे काय? वेळ आणि अमन, दोन्ही असल्याशिवाय घरातली फुरसत फुरसत होत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. मोरी आत, संडास बाहेर आणि सामाईक. खाजगी चाळींत याहून लहान खोल्या होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष एका गाळ्यात दाटीने राहत. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, म्हणून तेवढ्या जागेत सर्वांचे निभावत असे. एकाने उठायचे तेव्हा दुसऱ्याने आडवे व्हायचे.

कुराणात सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत घरातल्या एकांताच्या तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या नमाजीपूर्वी, दुपारी अंगावरचे कपडे उतरवून विसावतो तेव्हा, आणि इशाच्या नमाजीनंतर. या वेळी घरातल्या नोकरांनी आणि मुलांनीही विचारल्याशिवाय आत येऊ नये, असा हुकूम आहे. दुपारच्या विसाव्याला धर्मग्रंथाने एवढा मान दिला आहे. आता ही आयत घेऊन परळच्या एका खोलीत जा. जेथे आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक पडदा, तोही साडीचा, तेथे विचारून आत येणार कोण आणि कोठून? या एका प्रश्नात मुंबईच्या घराची सगळी अडचण येते.

खोलीबाहेरचे सुख

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकाने चाळीचे सुख मराठी वाचकाच्या मनात कायमचे बसवले. गिरगावी वळणाची ही चाळ. सोकाजी त्रिलोकेकर, एच. मंगेशराव, वरदाबाई, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर, आचार्य बाबा बर्वे ही मंडळी आपल्यालाही शेजाऱ्यासारखी वाटतात, हे त्या लेखणीचे यश. पण या पुस्तकाकडे फुरसतीच्या अंगाने पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. चाळकऱ्यांचा मोकळा वेळ खोलीत जात नाही. त्यांची मंडळे निघतात, शिष्टमंडळे निघतात, भ्रमणे निघतात आणि गच्चीसाठी चळवळ उभी राहते. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन म्हणून ते प्रकरण आपण हसत वाचतो, पण त्या हसण्याखाली एक खरी भूक आहे. पुरेशी खोली असती तर गच्चीची एवढी हाव धरली नसती. शेवटच्या चिंतनात चाळ मागे वळून पाहते आणि वाचक हळवा होतो. तो हळवेपणा खरा आहे. मात्र तो गॅलरीसाठी आणि शेजाराविषयी आहे. खोलीबद्दल कोणी हळवे झालेले दिसत नाही.

आणि वर घेतलेल्या नावांत एकही मुसलमान नाही, याचा दोष पुलंना देण्याचे कारण नाही. गिरगावातल्या बहुतेक चाळी जातीजमातीने वाटलेल्या होत्या; पाठारे प्रभू, सारस्वत, ब्राह्मण आपापल्या वाडीत राहत. चाळीतल्या या ओळखीच्या मंडळींत आपण नसणे, हे त्या शहराचे वास्तव होते. प्रश्न पुढचा आहे. चाळसंस्कृतीचे गुणगान करताना ही नसलेली माणसे कोणाच्या लक्षातही येत नाहीत, ही उणीव नंतरच्या समीक्षेची आहे.

भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) वाचली की याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. आचार्य अत्र्यांसारख्यांनी अश्लील म्हणून या पुस्तकावर हल्ला चढवला आणि पुढची सारी चर्चा त्याच वादात अडकली. नाक्यावर पडीक असलेली ती पोरे घरी का बसत नाहीत, हे फारसे कोणी विचारले नाही. पाध्येही ते फोडून सांगत नाहीत. पण ज्या वस्तीत तरुण मुलाला अंग टाकायला घरात कोपरा नसतो, तेथे नाका हीच त्याची बैठकीची खोली होते. मदनपुरा, भायखळा, डोंगरीच्या नाक्यांवर रात्री बारापर्यंत उभी असणारी आपली पोरे याच कारणाने उभी असतात, आणि त्यांच्याबद्दल पोलीस आणि वर्तमानपत्रे जे बोलतात तेही याच अज्ञानातून.

सक्तीची फुरसत

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप हा गिरणगावाच्या आयुष्यातला मोठा चिरा. अडीच लाखांच्या आसपास कामगार एकाएकी घरी बसले. त्यांत लालबाग-परळचे कोकणी, घाटी होते. मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते, ज्यांच्या कित्येक पिढ्या साचे चालवण्यात गेल्या होत्या. ज्या माणसाने वीस वर्षे घर फक्त झोपण्यापुरते पाहिले, त्याला आता सकाळपासून रात्रीपर्यंत तेच घर.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या घरी बसण्याचे आहे. धुरी कुटुंब, लालबाग-परळची खोली, बंद पडलेली गिरणी. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एकाला क्रिकेटचे वेड, एक गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. आई सर्वांना पुरी पडते. या नाटकावर वर्गसंघर्षाच्या, शहराच्या बदलत्या अर्थकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला त्यात दिसते ती फुरसतीची शोकांतिका. या घरात सर्वांकडे वेळच वेळ आहे, पण त्या वेळेत कोणीही सुखाने बसू शकत नाही. लिहिणाऱ्याचे लिहिणे आणि क्रिकेटवाल्याचे क्रिकेट हे एरवी कामानंतरचे छंद ठरले असते. पगार नाही म्हणून घरात ते अपराध ठरतात. मोकळ्या वेळेला किंमत असते ती कामामुळे, हे सूत्र पवार कोठेही भाषण न करता मांडतात. खोली तीच, माणसे तीच; पगार थांबताच एकमेकांचा श्वासही जड होतो.

मात्र या चित्रालाही एक मर्यादा आहे, आणि ती बाईच्या बाजूने पाहिली की कळते. पुरुष घरी बसला म्हणजे बाईचे काम वाढले. संपाच्या आधीपासून गिरणगावातल्या हजारो बायका खानावळी चालवत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. तिचे घर हाच तिचा कारखाना. तिला सुटी कोणत्या वारी? आकाशवाणीवर दुपारी 'वनिता मंडळ' लागे तेव्हाही हातात निवडायचे तांदूळ असत. कामगाराची फुरसत लोखंड्यांनी मिळवली. कामगाराच्या बायकोची फुरसत कोणी मागितल्याचे आपल्या साहित्यात क्वचितच दिसते. आपल्या घरांतही हेच आहे. रमजानमध्ये घरातले पुरुष इफ्तारनंतर विसावतात, आणि ती सहेरीच्या तयारीला लागते.

दाऊदचाचा कोठे बसतो?

आता आपल्या मुद्द्याच्या गाभ्याकडे यायचे. गिरणगावच्या कवितेत मुसलमान येतो, आणि मानाने येतो, तो नारायण सुर्वे यांच्याकडे. 'माझे विद्यापीठ'मधला याकूब नालबंदवाला घोड्याला नाल ठोकताना भेटतो आणि दंग्यात मरतो. त्याचे काम दिसते, त्याचे मरण दिसते. या दोहोंच्या मधले त्याचे घर दिसत नाही.

'शीगवाला' ही सुर्व्यांची कविता याहून पुढे जाते. दाऊदचाचा कवीच्या खोलीत येतो, टोपी काढतो, घाम पुसतो, खाली बसतो आणि लिहीत बसलेल्या पोराशी बोलू लागतो. आपल्या पायाची, दंग्याची हकिगत सांगतो. या कवितेबद्दल धर्मनिरपेक्षतेच्या अंगाने फार बोलले गेले आहे. मला तिच्यातली ती आधीची घडी मोलाची वाटते: टोपी काढून बसण्याची. मराठी कवितेत मुसलमान माणूस विसाव्याला बसलेला दिसतो तो या विरळ जागी. चाचा त्या खोलीत परवानगी मागत नाही, कारण दार उघडेच असते. सुर्व्यांनी शेजाऱ्याला घरात घेतले, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते. चाचा बसतो तो कवीच्या घरी. त्याचे स्वतःचे घर त्या कवितेच्या बाहेर आहे. तो तेथे परत गेल्यावर काय करत असेल? हुक्का, रेडिओ, नातवंडे, की नुसते छताकडे पाहणे? ते लिहिण्याची जबाबदारी सुर्व्यांची नव्हती, आपली होती. आपण ती कितपत उचलली?

हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) या दृष्टीने पुन्हा वाचावी. दलवाईंशी ज्यांचे मतभेद आहेत त्यांनीही वाचावी. मुंबईहून वर्षानुवर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला नायक आजारातून उठलेला आहे आणि विश्रांतीसाठी घरी आला आहे. म्हणजे मुसलमान माणूस, मोकळा वेळ आणि स्वतःचे घर, हे तिन्ही एकत्र आलेली ही मराठीतली एक महत्त्वाची कादंबरी. आणि त्या विश्रांतीचे काय होते? गावात तेढ पेटते, घराच्या ओट्यापर्यंत येते, आणि नायकाला धड बसूही देत नाही. दलवाईंनी आपल्या समाजावर टीका केली, ती पुढे पुष्कळ गाजली. पण कादंबरीकार म्हणून त्यांनी पकडलेली ही गोष्ट टीकेपेक्षा खोल आहे: अमन नसेल तर घरही विसाव्याचे राहत नाही.

मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) या आत्मकथनाचे नाव घेतले की लग्नानंतरच्या यातनांचाच उल्लेख होतो. त्याच्या आरंभी मात्र मध्य मुंबईतल्या सात रस्त्याचे बालपण आहे. शाहीर अमर शेखांचे ते घर: नाजूक प्रकृतीची, लाडाची मुलगी, पुस्तकांची संगत, चळवळीतल्या माणसांचा राबता. ज्या शाहिराने रस्त्यावर हजारोंच्या सभा हलवल्या, त्याचे घर असे भरलेले होते. मुलगी त्यात रमलेली आहे, हे त्या पानांत जाणवते. पुढे 'घर' हाच शब्द कसा बदलून गेला, ते सांगायला लेखिकेने पुस्तकाचा उरलेला भाग घेतला. घरात रमण्याला जागा, वेळ आणि अमन यांच्या जोडीला एक चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे घरातल्या माणसाने दुसऱ्याला दिलेली इज्जत. हे या आत्मकथनाइतके उघड कोणी सांगितलेले नाही.

दार बंद झाले

१९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मृत्यू ९००. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. लोखंड्यांच्या सलोख्याच्या खटपटीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती. आकड्यांत न येणारी एक गोष्ट त्या दोन महिन्यांत झाली. मिश्र वस्तीतल्या अनेक मुसलमान कुटुंबांनी घरे सोडली. कोणी मुंब्य्राला गेले, कोणी मीरा रोडला, कोणी शहरातल्याच आपल्या माणसांच्या मोहल्ल्यात. तेव्हापासून रविवारी दुपारी चाळीत दार उघडे टाकून लुंगीवर बसण्याची बेफिकिरी गेली. जे राहिले त्यांनी नावाच्या पाट्या काढल्या. घर मागायला गेल्यावर नाव ऐकून जागा आधीच गेल्याचे सांगितले जाते, हा अनुभव तर आता कोणालाही नवा राहिलेला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी आली आणि सर्वांना घरी राहण्याचा हुकूम झाला. घरीच राहा, सुखात राहा, हा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्याकडे खोल्या होत्या. १६० चौरस फुटांत सात-आठ माणसे दिवसरात्र कशी राहिली, हे चाळकऱ्यांना विचारावे. त्या वर्षी रमजानची तरावीह घराघरांत झाली. मशिदीची सफ खोलीत आली; बापाच्या मागे मुलगा, त्यांच्या मागे आई आणि मुली, जेवढी चटई तेवढी जमात. भीती होती, रोजी बंद होती, बाहेर आपल्यावर आळही घेतले जात होते. त्यातही कित्येक घरांत तो महिना सुकूनचा गेला. नक्शबंदी सूफींचे 'खिल्वत दर अंजुमन' असे एक तत्त्व आहे, गर्दीत राहून एकांत साधणे. ते आपल्या माणसांनी पुस्तक न उघडता त्या खोल्यांत पाळले. याची एखादी चांगली कथा मराठीत यायला हवी.

आता चाळी जात आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना, जागा तिपटीने वाढली याचा आनंदच आहे. मोरीऐवजी न्हाणीघर, पडद्याऐवजी भिंत. दुपारी विसावणाऱ्याला आता दार लावून घेता येईल. पण सदनिकेचे दार आतून बंद असते, आणि दाऊदचाचा लिफ्टने वर येऊन बेल दाबेल की नाही, हे वास्तुविशारदाच्या नकाशात नसते.

आपल्या लेखकांना

मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली ती आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेले पुरेसे नाही म्हणून. गेल्या काही दशकांत आपण दंगा लिहिला, तलाक लिहिला, दारिद्र्य लिहिले, संशयाच्या नजरा लिहिल्या. ते लिहिणे आवश्यक होते आणि आजही संपलेले नाही. पण यातून नकळत एक गोष्ट झाली. आपल्या कथेतले घर हे बहुधा एखाद्या प्रश्नाचे घर असते. दार उघडले की प्रश्न समोर येतो. इतरांनी आपल्याला कामावर आणि दंग्यात पाहिले; आपण स्वतःला खटल्याच्या पिंजऱ्यात पाहिले. जुम्माच्या नमाजीनंतरची दुपार, बिर्याणीनंतरची सुस्ती, दस्तरखान उचलल्यावर रंगणाऱ्या गप्पा, उर्दू पेपर वाचणारे अब्बा आणि त्यांच्याच शेजारी मराठी पुस्तक घेऊन पडलेली मुलगी, हे आपल्या लेखणीला क्षुल्लक वाटत आले आहे.

कोणी म्हणेल, दुःखाचे डोंगर असताना सुखाचे लिहिणे हा पळपुटेपणा आहे. मला ते पटत नाही. लोखंड्यांनी रविवार मागितला तो घरी बसण्यासाठीच. संप, मोर्चे, चळवळी शेवटी कशासाठी असतात? माणसाला आपल्या घरात, आपल्या माणसांत, निर्धास्त बसता यावे म्हणूनच. ज्यासाठी लढायचे ते कसे दिसते, हे लेखकाने दाखवले नाही तर लढ्याचे चित्रही अर्धेच राहील. कनाअत लिहिणे म्हणजे मजबुरीला मखर घालणे नव्हे. जागा किती होती, पगार येत होता की नाही, दार उघडे होते की बंद, आणि घरातली बाई बसली होती की उभी, एवढे चार तपशील प्रामाणिकपणे लिहिले तर खोटे सुख आपोआप गळून पडेल आणि जे उरेल ते अस्सल असेल.

सुर्व्यांच्या खोलीतून दाऊदचाचा कधीतरी उठला असेल, टोपी घालून आपल्या घरी गेला असेल. त्या घराचे दार अजून कोणी मराठीत उघडलेले नाही. ते आपल्यापैकी कोणी तरी उघडावे.